नकाशातील इमारत आणि जागेवरची इमारत

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत जमीन हादरली. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा होता आणि दहाएक मिनिटांनी त्याहून सौम्य असा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी जुलै महिन्यात पुन्हा एकदा लोक घराबाहेर धावले. मोठी हानी झाली नाही. आणि मोठी हानी झाली नाही की आपल्याकडे विषय जसा मिटतो, तसा तो मिटला. तथापि त्या दिवशी ज्यांना शाळा उघडावयाच्या होत्या, त्या मुख्याध्यापकांसमोर एक साधा प्रश्न होता. या भिंतींवर आणि या स्लॅबवर विसंबून मुलांना वर्गात बसवावे काय? भिंतीवरचा तडा कालचा की दहा वर्षांपूर्वीचा हे शाळेचा शिपाईही सांगू शकतो. परंतु त्या भिंतीखालचा पाया किती खोल आहे, स्लॅबच्या पोटात सळई किती आणि कोणत्या जाडीची आहे, काँक्रीट ज्या दर्जाचे ठरले होते त्याच दर्जाचे पडले काय, हे सांगू शकणारा माणूस गावात नसतो, पंचायत समितीत नसतो आणि पुष्कळदा बांधकाम विभागातही नसतो. फार तर कपाटातून एक नकाशा निघतो. नकाशा इमारत कशी बांधावयाची ठरली होती ते सांगतो; ती कशी बांधली गेली हे त्याला ठाऊक नसते.

या दोहोंतील अंतर कमी करण्याचे एक साधन आता उपलब्ध झाले आहे. त्याचा बोलबाला मुंबई-पुण्यात पुष्कळ असला, तरी त्याची खरी गरज नांदेड-लातूरसारख्या भागाला अधिक आहे, असे मला वाटते.

हे साधन असे. इमारत प्रत्यक्ष उभी करण्यापूर्वी ती संगणकात उभी करावयाची. ही प्रतिकृती म्हणजे नुसते रंगीत चित्र नव्हे. तिच्यातील प्रत्येक स्तंभाला, तुळईला, दरवाजाला आणि नळाला स्वतःची ओळख असते. त्याची लांबी-रुंदी, त्यातील काँक्रीटचा दर्जा, त्याला लागणारी सळई, शेजारच्या भागाशी असलेले त्याचे नाते ही सर्व माहिती त्याच्याबरोबरच नोंदलेली असते. एक स्तंभ हलविला तर त्यावर टेकलेली तुळई हलते आणि सिमेंटच्या पोत्यांचा हिशेबही बदलतो. तिला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' म्हणतात आणि आद्याक्षरांवरून 'बिम'. आपल्याकडचा गवंडी 'बीम' म्हटले की तुळईच समजतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मुळात ही कल्पना फार नवीही नाही. अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन या प्राध्यापकाने १९७० च्या दशकाच्या मध्यासच तिची मांडणी केली होती. त्या काळी आपल्या कचेऱ्यांत ट्रेसिंग कापडावर शाईने नकाशे काढले जात आणि त्यांच्या अमोनियाचा वास येणाऱ्या प्रती जागेवर पाठविल्या जात.

परंतु प्रतिकृती कितीही बारकाईने केली तरी ती कचेरीत तयार होते, इमारत मात्र उन्हात आणि धुळीत तयार होते. आणि इमारतीविषयीची खरी माहिती तेथेच, त्या धुळीत जन्माला येते. काँक्रीटच्या गाडीचे चलन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडलेल्या ठोकळ्यांचे अहवाल, सळईच्या मालाबरोबर आलेले कारखान्याचे प्रमाणपत्र, खोदाईची पातळी, मुकादमाची वही, उपअभियंत्याने भेटीच्या वेळी लिहिलेला शेरा आणि अलीकडे कनिष्ठ अभियंत्याच्या भ्रमणध्वनीत साठलेली शेकडो छायाचित्रे, हे सर्व त्या माहितीचे तुकडे होत. यांतील प्रत्येक तुकडा प्रतिकृतीतील ज्या भागाचा, त्या भागाशी कायमचा बांधून ठेवावयाचा, एवढाच खरा प्रश्न आहे. तो ऐकावयास सोपा वाटतो; प्रत्यक्षात जगभरचे अभियंते त्याच्याशी झगडत आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावी दोन खोल्यांची शाळा बांधावयाची आहे. जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर उभ्या असलेल्या हलक्या बांधकामाला उचलून आपटते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगावयास नको. म्हणून पाया कठीण मुरूम लागेपर्यंत न्यावयाचा असतो. नकाशात सर्व खड्डे दीड मीटरचे दाखविलेले आहेत. खोदाई सुरू झाल्यावर तीन कोपऱ्यांत दीड मीटरवर मुरूम लागला, चौथ्या कोपऱ्यात, जेथे कधी काळी पडकी विहीर किंवा खदान बुजविलेली असेल, तेथे अडीच मीटर खोल जाऊनही लागला नाही. अभियंता जागेवर निर्णय घेतो. तो कदाचित अगदी योग्य निर्णय असतो. एका वहीत तो लिहिला जातो, देयकात जादा खोदाई म्हणून त्याचे पैसेही लागतात. परंतु नकाशा तसाच राहतो. वीस वर्षांनी पटसंख्या वाढते, वर मजला चढवावयाचे ठरते, आणि नवा अभियंता तोच जुना नकाशा समोर ठेवून चारही कोपऱ्यांवर सारखाच भार टाकतो. चौथा कोपरा खचला तर दोष कोणाचा? नकाशा काढणारा निर्दोष, जागेवर निर्णय घेणारा निर्दोष, मजला चढविणाराही निर्दोष. माहिती होती, फक्त ती इमारतीच्या नावाने कोठे नव्हती. ती देयकाच्या नावाने होती.

ही गोष्ट आपण एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या आधी किल्लारी-सास्तूर परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत अधिकृत आकड्यांप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने असामान्य नव्हती. मारले ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून जड झालेली माळवदे. बाहेरून भिंत एकसंध दिसे. आत मात्र दोन बाजूंच्या दोन थरांमध्ये चिपा आणि माती भरलेली असे आणि दोन्ही थरांना एकमेकांशी सांधणारे आरपार दगड क्वचितच असत. भिंतीच्या पोटात काय आहे हे माहीत नसणे म्हणजे काय, ते त्या पहाटे कळले.

त्यानंतर जे पुनर्वसन झाले त्याची जगाने दखल घेतली. बावन्न गावे नव्या जागी हलविली गेली. त्याहून कितीतरी अधिक गावांत राहती घरे दुरुस्त करून मजबूत करण्याचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविला गेला. या दुसऱ्या कार्यक्रमाकडे आज फारसे कोणी वळून पाहत नाही. वस्तुतः आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच अधिक बोधक आहे. घरमालकाने स्वतः काम करून घ्यावयाचे, अभियंत्याने टप्प्याटप्प्याने ते पाहावयाचे, आणि टप्पा पुरा झाल्याचा दाखला मिळाला की पुढचा हप्ता द्यावयाचा, अशी त्याची रचना होती. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. भिंतीत आरपार दगड कोठे घालावयाचे, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावरून घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, कोपरे कसे बांधावयाचे, हे त्या बायकांनी शेजारणींना समजावून दिले. कोणत्या घरात पट्टा पुरा झाला आणि कोणत्या घरात मध्येच तुटला हे त्यांना तोंडपाठ असावयाचे. जागेवरची माहिती आणि घराची ओळख यांचा सांधा त्या काळी माणसांच्या स्मरणात होता, आणि तो पक्का होता.

स्मरण मात्र वारसाहक्काने मिळत नाही. आज त्या घरांना तीस वर्षे होत आली. कुटुंबे वाढली, खोल्या वाढल्या, रस्त्याकडची भिंत फोडून दुकानाचे शटर बसले. अशा एखाद्या घरातील नातवाने उद्या भिंतीत नवा दरवाजा पाडावयाचे ठरविले, तर तो पट्टा नेमका कोणत्या उंचीवर आहे आणि कोठे तोडला तर घर दुबळे होईल, हे त्याने कोणाला विचारावे? आजी हयात असेल तर तिला.

यात आणखी एक भर पडली आहे. १९९३ पूर्वी लातूरचा प्रदेश भारतीय मानकाप्रमाणे भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ मध्ये मानकाची सुधारणा झाली तेव्हा किल्लारीच्या आसपासचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. म्हणजे त्यापूर्वी बांधलेली तेथील शाळा, कचेरी, रुग्णालय किंवा वसतिगृह हे कागदोपत्री नियमाप्रमाणे असले, तरी आजच्या नियमाच्या मापाने ते कोठे उणे पडते हे तपासावयास हवे. तपासावयाचे तर आत काय आहे ते कळावयास हवे. ते न कळल्यामुळे एक तर सरसकट इमारती पाडावयाच्या, नाही तर सरसकट त्यांकडे डोळेझाक करावयाची, हे दोनच मार्ग उरतात. आपण बहुधा दुसरा पत्करतो, कारण तो फुकटचा असतो.

येथे सरकारी कामाची थोडीशी माहिती असलेला वाचक म्हणेल की, आपल्याकडे मोजमाप पुस्तिका आहेच की! आक्षेप योग्य आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजमाप पुस्तिका, जिला सारे 'एम. बी.' म्हणतात, ही इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली एक विलक्षण शहाणी वस्तू आहे. तिची पाने क्रमांकित असतात. पान फाडता येत नाही. नोंद खोडून नव्हे तर रेघ मारून आणि सही करून दुरुस्त करावयाची असते. मोजमाप जागेवर घेऊन तेथेच लिहावयाचे असते. जमिनीत किंवा काँक्रीटखाली झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजावयाचे असते. आणि वरिष्ठाने त्यातील काही मोजमापे स्वतः पडताळून पाहावयाची असतात. आज संगणकवाले ज्याला माहितीची विश्वासार्हता म्हणतात, तिचे बहुतेक सर्व नियम या निळसर पुठ्ठ्याच्या वहीत शंभर वर्षांपूर्वी होते. हे नियम कितपत पाळले जातात हा निराळा प्रश्न. पुष्कळदा जागेवर कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे टिपले जातात आणि मार्चअखेरीस एका बैठकीत वही भरून निघते, हे कोणत्याही कारकुनाला ठाऊक आहे.

परंतु एम. बी. प्रामाणिकपणे लिहिली तरी तिची एक मर्यादा राहते. ती ठेकेदाराचे पैसे चुकते करण्यासाठी लिहिलेली असते. म्हणून तिच्यात खोदाई इतके घनमीटर, सळई इतके किलो, गिलावा इतके चौरस मीटर अशी कामाच्या बाबींची बेरीज असते. पैसे देणाऱ्याला बेरीज पुरते. इमारतीत राहणाऱ्याला बेरीज पुरत नाही. त्याला विचारावयाचे असते की, माझ्या डोक्यावरच्या या तुळईत किती सळई आहे? देयक मंजूर झाले की वही दप्तरात जाते, आणि तिच्यातील ज्ञान तिच्याबरोबरच जाते.

संगणकीय प्रतिकृतीशी जागेवरची माहिती जोडावयाची म्हणजे हीच बेरीज पुन्हा फोडून प्रत्येक भागाच्या पदरात त्याचे माप टाकावयाचे. अडचण येते ती येथेच. नकाशाकार इमारतीचे तुकडे एका रीतीने करतो, ठेकेदार दुसऱ्या रीतीने आणि लेखापाल तिसऱ्या. प्रतिकृतीत पहिल्या मजल्याचा स्लॅब ही एक वस्तू असते. जागेवर तो दोन दिवसांत, दोन निरनिराळ्या गाड्यांच्या काँक्रीटने, मधे एक जोड ठेवून टाकलेला असतो. आणि देयकात तो कोठेच स्लॅब म्हणून नसतो, तर काँक्रीटच्या एका बाबीत विरघळलेला असतो. मंगळवारच्या ठोकळ्याचा अहवाल कमी ताकदीचा आला, तर तो स्लॅबच्या कोणत्या अर्ध्या भागाचा? प्रतिकृतीत तो स्लॅब आधी दोन तुकड्यांत मोडला नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. दुसरी अडचण अशी की, नकाशाकाराने मध्येच आराखडा सुधारून नवी प्रत पाठविली की, कधीकधी भागांचे ओळखक्रमांक बदलतात आणि जुन्या क्रमांकांना बांधलेली छायाचित्रे व अहवाल निराधार होतात. म्हणून जाणते अभियंते सांगतात की, यंत्राने दिलेल्या क्रमांकावर विसंबू नका. माणसाला समजेल असा पत्ता ठेवा. 'क' रेघेवरचा तिसरा स्तंभ, तळमजला. हा पत्ता गवंड्यालाही कळतो, आणि तो स्तंभावर खडूने लिहिता येतो.

या जोडणीचा सर्वांत मोठा लाभ काम चालू असतानाच होतो. ठरले काय आणि झाले काय यांची तुलना रोज करता येते. लातूर पॅटर्नची ख्याती ज्या सराव परीक्षांवर उभी राहिली, त्यांचे मर्म तरी वेगळे काय होते? चूक वार्षिक परीक्षेत कळण्याऐवजी त्याच आठवड्यात कळावी, एवढेच. स्तंभ दोन इंच सरकला आहे हे फूटिंगच्या वेळी कळले तर ते दुरुस्त करता येते. छतापर्यंत गेल्यावर कळले तर गिलाव्याने झाकले जाते.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेलाच नाही असे नाही. नागपूर मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने अशी पंचमिती पद्धती वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मित्यांना वेळ आणि खर्च या आणखी दोन जोडल्या, म्हणून पंचमिती. कोणता भाग केव्हा व्हावयाचा, प्रत्यक्षात केव्हा झाला आणि त्यावर किती खर्च झाला, हे एकाच प्रतिकृतीवर पाहता येते. हजारो कोटींच्या प्रकल्पाला हे परवडते. त्यासाठी माणसे आणि यंत्रणा उभारता येतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगरात दोन खोल्यांची शाळा बांधणाऱ्याला पंचमितीची चैन परवडणार नाही हे उघड आहे. परंतु मोठ्यांना परवडते तेच ज्ञान आणि लहानांना परवडत नाही तो नशिबाचा भाग, अशी वाटणी सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत तरी मान्य करता येणार नाही.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथील सरकारने एप्रिल २०१६ पासून केंद्रीय निधीतून होणाऱ्या बांधकामांना अशी प्रतिकृती आवश्यक केली. हेतू मुख्यतः काटकसरीचा होता. पुढल्याच वर्षी, १४ जून २०१७ रोजी, लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागून ७२ माणसे मेली. काही वर्षांपूर्वीच त्या इमारतीला बाहेरून नवे आवरण चढविले होते आणि ते ज्वालाग्राही होते. चौकशीत निघालेला एक धागा असा की, इमारतीत काय वापरले आहे, कोणी आणि का वापरले, याची सलग व विश्वसनीय नोंद ठेवण्याची पद्धतच नाही. डेम ज्युडिथ हॅकिट यांच्या २०१८ च्या अहवालाने अशा अखंड नोंदीला 'सोन्याचा धागा' असे नाव दिले, आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी तो बंधनकारक केला. काटकसरीसाठी आणलेले साधन जीव वाचविण्याचे साधन म्हणून ओळखले जाण्यास तेथेही एवढी राख व्हावी लागली.

आपल्याकडे धागे पुष्कळ आहेत. ते एकमेकांत गुंफलेले नाहीत. ग्रामीण आवास योजनेत २०१६ पासून प्रत्येक घराचे टप्प्याटप्प्याने छायाचित्र घेतले जाते, त्यावर अक्षांश-रेखांशाची मोहोर उमटते आणि मगच पुढचा हप्ता मिळतो. घर अस्तित्वात आहे हे त्यातून सिद्ध होते, आणि पूर्वीच्या कागदी घरकुलांचा अनुभव असणाऱ्यांना याचे मोल कळेल. परंतु छायाचित्र भिंतीचे असते, भिंतीच्या आतले नसते. शहरांत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये महारेरा आले. विकासकाने दर तिमाहीस प्रगती कळवावयाची असते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीतही क्यूआर कोड छापावा लागतो. नांदेड किंवा लातुरात कर्ज काढून सदनिका घेणारा शिक्षक वा कारकून तो कोड उघडून परवानगी, मंजूर आराखडा आणि ताबा देण्याची तारीख पाहू शकतो. त्याच कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष निघाल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा आहे. मात्र दोष रचनेचा आहे की मालकाने मोरी हलविल्यामुळे झाला आहे, हे ठरविणार कशावरून? सदनिका घेणाऱ्याच्या हाती चटई क्षेत्राचा हिशेब असतो, सळईचा नसतो. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला जुनी म्हणता येणार नाही अशी एक पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे दगावली. असे काही घडले की चौकशी समिती ढिगाऱ्यातून काँक्रीटचे तुकडे उचलून तपासते. जी माहिती इमारत उभी असताना कागदावर असावयास हवी होती, ती ढिगाऱ्यातून मिळवावी लागते.

छायाचित्रांवरच सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी भ्रमणध्वनीवरून छायाचित्राने नोंदविण्याची पद्धत केंद्राने आणली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावे लागले की, छायाचित्राचे छायाचित्र काढून किंवा भलतेच चित्र चढवून हजेरी भरली जात आहे. यंत्र नोंद मागते, सत्य मागत नाही. ज्याला खोटे लिहावयाचे आहे तो एम. बी.त लिहितो तसा प्रतिकृतीतही लिहील. फरक इतकाच पडेल की, चलन, ठोकळा, तारीख, सळई आणि छायाचित्र हे सर्व एकाच स्तंभाला बांधलेले असले म्हणजे एक खोटे टिकविण्यासाठी आणखी चार खोट्या नोंदी जुळवाव्या लागतील. भ्रष्टाचार त्याने संपेल असे मी म्हणणार नाही; तो अधिक कष्टाचा होईल.

प्रामाणिक अभियंत्याची एक भीतीही येथे बोलून दाखविली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास ही सारी योजना कागदावरच राहील. वर दिलेल्या उदाहरणातील चौथ्या कोपऱ्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने तो नोंदविला तर दहा वर्षांनी लेखापरीक्षक विचारणार: नकाशाबाहेर काम केलेत कशाला? न नोंदविला तर कोणीच विचारणार नाही. आपल्या कचेऱ्यांत नोंद करणारा सापडतो आणि न करणारा सुटतो. जागेवर सद्हेतूने केलेला बदल कारणासह त्याच वेळी लिहिला असेल तर तो दोष मानला जाणार नाही, असे स्पष्ट संरक्षण दिल्याशिवाय खरी माहिती प्रतिकृतीपर्यंत पोहोचणार नाही. संगणकाची खरेदी सोपी असते, निविदा काढली की होते. हे संरक्षण देणे अवघड आहे आणि म्हणूनच ते आधी द्यावयास हवे. तसेच मुकादम आणि मजूर यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवण्यासाठी या साधनाचा उपयोग होऊ नये. नोंद स्तंभाची व्हावी, माणसाच्या विश्रांतीच्या मिनिटांची नव्हे.

आणखी एक धोका मराठवाड्याला विशेष कळेल असा आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तरे वाचणारी माणसे धुंडाळावी लागली. कागद शाबूत होता, अक्षर शाबूत होते. वाचणारा उरला नव्हता. तरीही शंभर वर्षांपूर्वीचे ते कागद शेवटी वाचले गेले, कारण लिपी शिकता येते. एखाद्या कंपनीच्या खाजगी संगणक-प्रणालीत जतन केलेली इमारतीची प्रतिकृती ती कंपनी बंद पडल्यावर, किंवा वार्षिक परवान्याचे पैसे न भरल्यामुळे उघडेनाशी झाली, तर ती मोडीपेक्षाही दुर्बोध होईल. तिचा वाचक विद्यापीठातही मिळणार नाही. अशा प्रतिकृतींसाठी कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेली, आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविलेली खुली रचना उपलब्ध आहे. २०१३ पासून ती पूर्णत्वाने मानक म्हणून मान्य आहे. सार्वजनिक पैशाने होणारी प्रत्येक प्रतिकृती त्या खुल्या रचनेत, आणि तिच्याबरोबर छापील सारांशासह, सरकारजमा झालीच पाहिजे अशी अट निविदेत घालावयास एक रुपयाही लागत नाही.

मग आरंभ कोठून करावयाचा? प्रत्येक शाळेची पूर्ण प्रतिकृती करण्याचा हट्ट सोडावा. लहान इमारतीला पायाच्या खड्ड्यांची प्रत्यक्ष पातळी, प्रत्येक स्तंभाची व तुळईची सळई झाकण्यापूर्वीची छायाचित्रे, ठोकळ्यांचे अहवाल आणि नकाशाबाहेर झालेले बदल एवढी माहिती साध्या रेघांच्या आराखड्यावर स्तंभागणिक लावून ठेवली तरी पुष्कळ झाले. हे काम करणारे हात याच भागात आहेत. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेला १९८१ पासूनची परंपरा आहे; लातुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी शेकडो विद्यार्थी स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून काहीतरी करतात, आणि ते काय असते हे त्यांच्या प्राध्यापकांना विचारावे. गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचे मुखपृष्ठ बदलले जाते असे ऐकिवात आहे. त्यांतील एकेका गटाकडे जिल्हा परिषदेची एकेक जुनी शाळा सोपविली, सळई शोधणारे साधे उपकरण आणि मोजपट्टी त्यांच्या हाती दिली, तर काही वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतील धोकादायक वाटणाऱ्या शाळांची जागेवरची माहिती प्रथमच एकत्र येईल. विभागीय आयुक्तालय नांदेडला असावे की लातूरला, हा २००९ पासूनचा वाद आणखी काही वर्षे चालला तरी बिघडणार नाही. शाळांच्या भिंतींचा तपशील मात्र दोन्ही शहरांना एकाच पद्धतीने नोंदविता येईल.

नव्या इमारतींबाबत तर एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे. खोल्यांचा ताबा देताना शाळेला किल्ल्या आणि फलक दिला जातो, उद्घाटनाचा समारंभ होतो. त्याच वेळी बांधून झालेल्या इमारतीची ही नोंद, कनिष्ठ अभियंत्याच्या सहीनिशी, मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. तिची एक प्रत पंचायत समितीत आणि एक खुल्या रचनेतील प्रत जिल्हा परिषदेच्या संगणकात राहावी. हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर शाळा ज्या कपाटात जपून ठेवते, त्याच कपाटात ती मावेल. पुढचा धक्का बसेल त्या सकाळी मुख्याध्यापकांनी पाचारण केलेला अभियंता प्रथम ते कपाट उघडावयास सांगेल.